संडासासाठी तळलेली कोंबडी

पहिलं कार्ड परत आलं तेव्हा सेनाइदा बाई शाळेच्या अंगणात विटांची चूल मांडत होत्या. कार्ड घेऊन आली होती दुसरीतली मिलाग्रोस. गृहपाठ दाखवावा तसं तिने ते दोन्ही हातांनी पुढे धरलं.

"प्रोफे, आई म्हणाली आज आम्हाला जमणार नाही." टेकडीवर सगळेच बाईंना प्रोफे म्हणत.

"का गं? कोणी आजारी आहे का?"

मिलाग्रोसने मान हलवली. ती हो म्हणत होती की नाही, हे तिलाही माहीत नव्हतं. आईने एवढंच वाक्य शिकवून पाठवलं होतं, पुढचं शिकवलं नव्हतं. बाईंनी तिच्या हातातून कार्ड घेतलं, तिच्या कपाळावर आलेले केस मागे सारले आणि म्हणाल्या, "बरं. सांभाळून जा, पायऱ्या ओल्या आहेत."

मागे ग्लोरिंदा कांदा चिरत बसली होती. तिने मान वर केली नाही.

लिमाच्या या टेकडीवर कुणाचं ऑपरेशन असो, कुणाच्या घरावर पत्रे घालायचे असोत की कुणाच्या मयताचा खर्च असो, लोक पैसे उभे करायला पोयादा करतात. कोंबडीचे तुकडे आदल्या दिवशी लाल मिरची, लसूण, जिरं आणि व्हिनेगरमध्ये मुरवत ठेवायचे, रविवारी मोठ्या कढईत तळायचे, शेजारी उकडलेला बटाटा आणि कोबी. स्पीकरवर गाणी लावायची. कार्डं मात्र आधीच घरोघर वाटायची आणि पैसे ताट घेताना घ्यायचे. प्रत्येक कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतं की परत न आलेलं कार्ड विकलं गेलं असं समजण्यात येईल. परत करायचंच असेल तर रविवारी दुपारी बाराच्या आत. त्यानंतर तुम्ही या नाहीतर येऊ नका, पैसे द्यावेच लागतात.

बाईंनी शाळेच्या संडासासाठी पोयादा ठेवली होती. दोन महिने त्या आणि ग्लोरिंदा शनिवारी बाजाराच्या तोंडाशी रताळ्याची भजी तळत होत्या, सोडत काढत होत्या, मुलांनी रंगवलेल्या बाटल्या विकत होत्या. जे काही जमलं ते सगळं आता तीन निळ्या टबांमध्ये लाल मसाल्यात बुडून पडलं होतं. आज ते विकलं गेलं तर गवंडी उद्या सकाळी काम सुरू करणार होता. नाही विकलं गेलं तर उद्यापर्यंत त्याला वास येणार होता.

शाळेचा जुना खड्डा मार्चमध्ये खचला होता. खाली सगळा कातळ. दुसरा खणायचा म्हटलं तर पहारी वाकल्या. पाणी टँकरने यायचं आणि पिंपात साठवायचं, ते संडासात ओतायची कुणाची ऐपत नव्हती. म्हणून बाईंनी खताचा संडास ठरवला होता. जमिनीच्या वर दोन कोठ्या बांधायच्या, वापरून झालं की मूठभर भुसा नि राख टाकायची, लघवी वेगळ्या नळीने बाहेर काढायची. एक कोठी भरली की ती बंद करून दुसरी उघडायची. वर्षाने माती. बाईंनी ते दुसऱ्या एका टेकडीवर पाहिलं होतं, नाक लावून वास घेतला होता आणि ओलसर मातीशिवाय दुसरा वास आला नव्हता.

तोपर्यंत मुलगे खडकांमागे जायचे. मुली मधल्या सुट्टीत घरी जायच्या आणि पुष्कळदा परत यायच्या नाहीत.

शिक्षण कार्यालयाचा इन्स्पेक्टर शांतपणे बोलणारा माणूस होता, आणि त्याच्या त्या शांतपणाचीच बाईंना भीती वाटायची. "शुक्रवारी येईन," तो म्हणाला होता. "सुट्टी लागायच्या आत. शौचालय दिसलं नाही तर सुट्टीनंतर ही शाळा उघडणार नाही. मुलांना खालच्या शाळेत सामावून घेऊ." खालची शाळा हमरस्त्याच्या पलीकडे होती. ट्रक थांबत नसत असा तो रस्ता. सामावून घेतलेल्यांपैकी निम्मी मुलं तिथे कधीच पोचणार नाहीत हे इन्स्पेक्टरलाही माहीत होतं. मुली तर नाहीच.

नऊ वाजायच्या सुमाराला कार्डं परत यायला खरी सुरुवात झाली. सगळी पोरंच आणत होती. बाईंचीच पोरं. ज्यांना त्यांनी हात धरून अक्षरं गिरवायला शिकवली ती पोरं धुक्यातून एकेक करून पायऱ्या चढून यायची, कार्ड पुढे करायची नि जमिनीकडे बघायची. कुणाची आई बाहेरगावी गेलेली, कुणाच्या बापाचं पोट बिघडलेलं. एका मुलाने तर कारण विसरल्याचं सांगितलं आणि मग रडू लागला. बाईंनी त्याला बटाट्याची फोड दिली.

"तू तरी बोल काहीतरी," त्या शेवटी ग्लोरिंदाला म्हणाल्या.

ग्लोरिंदाने सुरी खाली ठेवली. बाई तिच्या मुलाच्या धर्ममाता होत्या, त्यामुळे दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या आणि त्या नात्याने ग्लोरिंदाला खरं बोलायची मुभा होती.

"काल संध्याकाळी एलिओदोरो घरोघर फिरला, कोमाद्रे. पाण्याच्या टाकीपासून पार खालपर्यंत."

एलिओदोरो वस्तीचा अध्यक्ष.

"काय सांगत होता?"

"हेच, की बाई चांगल्या आहेत, पण कोरडा संडास उभा राहिला की आपलं ड्रेनेज गेलं. ज्या दिवशी पाणीखात्याचा इंजिनीयर वर येऊन तो पक्का संडास बघेल, त्या दिवशी कागदावर लिहील की यांची सोय झालेली आहे. मग आपली नातवंडंसुद्धा भुशातच बसतील."

"मूर्खासारखं बोलतो."

"मूर्खासारखं नाही बोलत, कोमाद्रे. पलीकडच्या टेकडीवर नळाच्या बाबतीत झालंच ना तसं. सार्वजनिक नळ घेतला, घरचे नळ राहिले ते राहिले."

बाईंनी परत आलेली कार्डं एकत्र केली. मग म्हणाल्या, "पण सगळ्यांनी कार्डं घेतली होती. मी स्वतः गेले होते. एकानेही नको म्हटलं नाही."

"दारात आलेल्या माणसाला कार्ड नको म्हणतात का कुठे? तुम्ही म्हणालात कधी? दारात घ्यायचं आणि नको असेल तर पोराच्या हाती परत धाडायचं. तुम्ही काय नवीन आहात इथे?"

"मला वाटलं, घेतलं म्हणजे..."

"तुम्हाला तसं वाटायला हवं होतं म्हणून वाटलं. सभा घ्या म्हटलं होतं मी. आधी सभा, मग श्रमदान, मग पोयादा. तुम्ही उलटीकडून सुरुवात केलीत."

हे खरं होतं. सभेला बाई घाबरल्या होत्या. मागच्या सभेत एका लाउडस्पीकरवरून अख्खी दुपार भांडण झालं होतं आणि शेवटी स्पीकर आलाच नाही. संडासाचं तसं होऊ नये म्हणून त्या घरोघर गेल्या. लोक हसून बोलले, कार्डं घेतली, आणि बाई समाधानाने घरी येऊन झोपल्या. वीस वर्षं या टेकडीवर काढून त्यांनी नवख्या माणसाची चूक केली होती.

"तेल तापवू का?" ग्लोरिंदाने विचारलं.

"तापव."

"कुणासाठी?"

बाईंनी चुलीत एक लाकूड सारलं.

त्यानंतर योवाना आली. सहावीतली, उंच, खांदे आत ओढून चालणारी. तिच्या बापाने, विदालने, चांगली दहा कार्डं घेतली होती; तो मालवाहू तीनचाकी चालवायचा आणि खालच्या बाजारातल्या दोस्तांना खपवतो म्हणाला होता. ती दहाही कार्डं तिने चुलीशेजारच्या स्टुलावर ठेवली आणि ती वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर एक बटाटा ठेवला.

"मला नव्हतं यायचं, प्रोफे."

"माहीत आहे मला."

"मी बाबांना म्हटलं, दुसऱ्या कुणाला पाठवा. ते म्हणाले, दुसरं आहे कोण."

मे महिन्यात योवाना दवाखान्यात होती. ताप, पाठीत कळा; डॉक्टरांनी मूत्रपिंडाला सूज आल्याचं सांगितलं आणि विचारलं की मुलगी पाणी पीत नाही का. आईला कळेना. बाई भेटायला गेल्या तेव्हा योवानाने भिंतीकडे तोंड करून त्यांना सांगितलं की शाळेच्या दिवशी ती सकाळपासून घोटभरही पाणी घेत नाही. खडकांमागे एकदा मुलांनी तिला पाहिलं होतं, तेव्हापासून. आणि बाईंकडून वचन घेतलं होतं की हे कुणाला सांगायचं नाही. बाबांना तर मुळीच नाही.

आता ती उभी होती आणि बाई तिच्या फुटलेल्या ओठांकडे बघत होत्या.

"शाळा बंद झाली तर तू खाली जाशील का गं?"

"बाबा म्हणतात, मावशीबरोबर कपडे धुवायला जा," योवाना म्हणाली. कुणीतरी वेळापत्रक वाचून दाखवावं तसं.

बाईंनी अंगातला एप्रन काढला. "ग्लोरिंदा, मी टाकीपाशी जाऊन येते."

"कार्डं परत घ्यायला अजून तासभर आहे. कुणी आलं तर?"

"घे. काय करणार."

रविवारी पुरुषमंडळी पाण्याच्या टाकीखाली जमत. तिथे मैदान म्हणण्यासारखं काही नव्हतं, पण उतारावरची थोडी जागा सपाट केलेली होती आणि तिथेच सभा व्हायची, फुटबॉल व्हायचा, मयताची पेटीही तिथेच थोडा वेळ टेकवायचे. बाई पोचल्या तेव्हा त्यांना दम लागला होता. साठी उलटलेल्या बाईला धापा टाकताना बघून एकाने पालथी बादली पुढे सरकवली. त्या बसल्या नाहीत.

"अध्यक्ष, मला बोलायचंय."

एलिओदोरो बारीक अंगाचा, नीट विंचरलेल्या केसांचा माणूस होता. त्याने टोपी काढली. "बोला ना, प्रोफे. पण आधीच सांगतो, हे तुमच्याविरुद्ध नाही."

"मग कुणाविरुद्ध आहे? टबात पडलेल्या कोंबड्यांविरुद्ध?"

दोघेतिघे हसले. एलिओदोरोही किंचित हसला, पण हटला नाही. "अकरा वर्षं झाली आम्ही त्या पाणीखात्याच्या पायऱ्या झिजवतोय. माझा भाऊ तिथल्याच मोर्च्यात पाय मोडून बसला. तुम्ही आमच्याबरोबर होतात, नाही म्हणत नाही. पण ते लोक वाटच बघतायत अशा एखाद्या गोष्टीची. सिमेंटचा पक्का संडास, वर रंग, दारावर पाटी. फोटो काढतील आणि फाइल बंद करतील. आम्ही काय कायमचे भुशातले लोक?"

"आणि शुक्रवारी शाळा बंद होईल, तेव्हा?"

"तेव्हा भांडू."

"कोणाशी? कुलपाशी?"

मागे विदाल आपल्या तीनचाकीच्या दांड्यावर बसला होता. तो नखातली माती काढत होता. त्याला बघून बाईंच्या तोंडाशी ते सगळं आलं. योवानाचा ताप, भिंतीकडे फिरवलेलं तोंड, खडक, ती मुलं. हे एवढं सांगितलं असतं तर ही माणसं गप्प झाली असती. यांना मुली होत्या, ही दगडाची माणसं नव्हती. पण एका वाक्यात टेकडी आपल्या बाजूला आली असती आणि संध्याकाळपर्यंत ते वाक्य प्रत्येक चुलीपाशी पोचलं असतं. मग संडास बांधला काय नि नाही काय, ती मुलगी शाळेच्या फाटकातून पुन्हा आत आली नसती.

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं.

"मी सकाळी पाणी पीत नाही," त्या म्हणाल्या.

एलिओदोरोला वाटलं त्या तहानलेल्या आहेत. त्याने कुणाला तरी खूण केली.

"नको, तसं नाही. ऐका. शाळेच्या दिवशी मी सकाळी उठल्यापासून पाणी पीत नाही. चहाही नाही. तोंड सुकतं, शिकवताना जीभ टाळ्याला चिकटते, मग मी मुलांना लिहायला देते. मार्चपासून असं आहे. या वयात आवरत नाही. परवा तिसरीच्या वर्गात पाढे घेत होते आणि मला आवरलं नाही. मी खुर्चीवरून उठले नाही. शाळा सुटून शेवटचं पोर जाईपर्यंत तशीच बसून राहिले. त्यांना वाटलं बाई वह्या तपासतायत."

त्या हे वर्गात सांगावं तितक्याच सावकाश, तितक्याच स्पष्ट आवाजात सांगत होत्या. फक्त हातांचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. पुरुष खाली बघू लागले. एकाने उगाच चेंडू पायाखाली घेतला.

"मी म्हातारी आहे, माझं काय, मी घरी जाऊन स्कर्ट धुतला. पण माझ्यासमोर वर्गात बसलेल्या मुलीसुद्धा पाणी पीत नाहीत. किती जणी ते विचारू नका, मी नावं सांगणार नाही. तुम्ही घरी गेल्यावर आपापल्या पोरीला सकाळी पेला भरून द्या आणि ती काय करते ते बघा."

विदालचं नखातली माती काढणं थांबलं होतं. त्याने बाईंकडे पाहिलं नाही.

मग मागून कोणीतरी, बहुधा पत्र्याचं काम करणारा फोर्तुनातो, म्हणाला, "अध्यक्ष, तुमची अडचण संडासाची आहे की सिमेंटची?"

"म्हणजे?"

"म्हणजे इन्स्पेक्टरला संडास दिसला पाहिजे आणि इंजिनीयरला दिसता कामा नये. मग पक्का बांधताच कशाला? लाकडाचा करू. कोठ्यांऐवजी झाकणाची पिंपं लावू, भरली की पलीकडे नेऊन खत करू. इंजिनीयर यायचा असेल त्या दिवशी चार जणांनी उचलायचा आणि माझ्या परसात कोंबड्यांचं खुराडं म्हणून ठेवायचा."

"त्यात कोणी बसलेलं नाही ना, ते आधी बघा," दुसरा म्हणाला, आणि मग सगळेच हसले. मघापासून कोंडलेलं होतं ते बाहेर पडलं. बाई हसल्या नाहीत. त्या एलिओदोरोकडे बघत होत्या.

एलिओदोरोने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "इन्स्पेक्टर असल्या फळकुटांना शौचालय म्हणेल?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

"नाही म्हणाला तर?"

"तर बंद. तसंही बंदच आहे."

"आणि ड्रेनेज आलं की हे मोडायचं."

"मी स्वतः मोडीन. पहिली फळी मी काढीन."

हात वर करून मत घेतलं. सगळे हात वर गेले नाहीत. एलिओदोरोचा गेला, पण खांद्यापर्यंतच.

दुपारी लोक आले. सगळे नाही, खालच्या गल्लीतले बरेच आलेच नाहीत, ते सभेत नव्हते आणि त्यांना काही माहीतही नव्हतं. एका टबातला माल तळायचा राहिला आणि संध्याकाळी ग्लोरिंदाने तो शेजारपाजारी वाटून टाकला. जे जमलं त्यात गवंडी येणार नव्हता, सिमेंटही येणार नव्हतं. पिंपं, फळ्या, लघवी वेगळी करणारी एकच सीट. दोन ठरवल्या होत्या. मुलींसाठी एक होईल, मुलगे अजून खडकांमागे जातील. बाईंनी कढईतलं तेल गाळताना हे ग्लोरिंदाला सांगितलं आणि ग्लोरिंदा म्हणाली, "मुलगे गेले तर गेले."

सोमवारपासून फळ्या ठोकायला सुरुवात झाली. जागेवरून भांडण झालं. एलिओदोरोला तो शाळेच्या मागे, रस्त्यावरून न दिसणारा हवा होता. बाईंना तो वर्गाजवळ हवा होता, कारण पहिलीतल्या मुली एवढं चालून पोचत नाहीत. मंगळवारी त्यांनी तो एकदा हलवला, बुधवारी परत हलवला. फोर्तुनातो म्हणाला, बरं आहे, सवय होतेय. गुरुवारी भिंती होत्या, छप्पर होतं, सुतारखान्यातून आणलेलं भुशाचं पोतं होतं. दार नव्हतं. दाराचे पैसे दुसऱ्या पिंपात गेले होते. बाईंनी घरचं पांघरूण आणून टांगलं, पण वाऱ्याने ते वर उडायचं आणि आतलं सगळं दिसायचं. इन्स्पेक्टरचं जाऊ द्या, पण कुठली मुलगी अशा पांघरुणामागे बसेल?

शुक्रवारी सकाळी धुकं एवढं दाट होतं की बाईंना तीनचाकी आधी ऐकू आली आणि मग दिसली. विदाल ती मागच्या कच्च्या वाटेने ढकलत वर आणत होता. वर एक हिरवं दार आडवं बांधलेलं होतं. जुनं, खालून कुजत आलेलं, वर खडूने घराचा नंबर लिहिलेला.

"कुठून आणलंत?"

"घरचं आहे."

"मग घराला काय?"

"प्लास्टिक लावलंय. चालेल." त्याने दार उतरवून भिंतीला टेकवलं आणि खिशातून बिजागऱ्या काढल्या. त्याचे डोळे न झोपलेल्या माणसासारखे दिसत होते. मग दुसऱ्या खिशातून त्याने एक नवी कोरी कडी काढली, अजून कागदात गुंडाळलेली.

"ही आतून लावायचीय, प्रोफे," तो म्हणाला. "पोरगी म्हणाली, आतून पाहिजे."

बाईंनी दार धरलं आणि विदालने बिजागरीच्या खुणा केल्या. खाली, पायऱ्यांच्या तळाशी, गाडी थांबल्याचा आवाज आला. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. विदालने पहिला स्क्रू लाकडात धरला आणि बाई म्हणाल्या, "सरळ धरा, घाई करू नका."